कंपनीचा मेल सर्व्हर अंगावर पडल्यावर: खाती मोजण्यापासून खाती पुसण्यापर्यंत

एप्रिल २०२४ च्या अखेरीस आमच्या कंपनीतला सिस्टीम बघणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला. चार्ज देताना त्यानं एक जाड वही माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "ईआरपी तर तुम्ही बघताच की. मेल सर्व्हर तेवढा नवीन. काय अडलं तर फोन करा." वहीच्या शेवटच्या पानावर पासवर्ड होते, पेन्सिलनं लिहिलेले.

आमची कंपनी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आहे, कास्टिंगचं काम. मी खरेदी आणि ईआरपी, म्हणजे कंपनीच्या सगळ्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर, बघते. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, थोडीफार येते, लिनक्सची काळी खिडकी बघून घाम फुटत नाही, एवढंच माझं भांडवल. मेल सर्व्हर उभा कसा करायचा हे शिकवणारे पुष्कळ आहेत. पण तीन वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या पद्धतीनं चालवलेला, कुणाचं खातं कुठलं हेच ठाऊक नसलेला सर्व्हर एकदम हातात आला तर सुरुवात कुठून करायची, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणून जे जसं घडलं तसं लिहिते आहे.

"गुगलकडं का जात नाही?" हे मलाही अनेकांनी विचारलं. तिथं दर माणशी दर महिन्याला पैसे लागतात, आणि आमच्याकडं शॉपवरच्या सुपरवायझरपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना पत्ते आहेत. आमचं सगळं बिऱ्हाड तेव्हा मुंबईच्या एका डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या मशीनवर महिना अठराशे रुपयांत चालायचं. आधी सर्व्हर कंपनीतच होता. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, कंपनीत कुणालाच जाता येईना, वीज गेली, यूपीएस संपला आणि परदेशातल्या ग्राहकांना आमची मेल मिळायची बंद झाली. पूर ओसरल्यावर मालकांनी सर्व्हर मुंबईला हलवला. त्यावेळी सगळी जुनी खाती जशीच्या तशी उचलून नेली होती.

मांडणी अशी होती. मेल घेण्या-पाठवण्याचं काम पोस्टफिक्स करतो. आलेली मेल पेटीत ठेवणं, ती फोनला किंवा आउटलुकला देणं आणि पासवर्ड तपासणं हे डव्हकॉट बघतो. खात्यांची यादी मारियाडीबी या डेटाबेसच्या टेबलात असते आणि ती बदलायला पोस्टफिक्सअ‍ॅडमिन नावाचं वेब पान आहे. ब्राउझरमधून मेल बघायला राउंडक्यूब. पाचही गोष्टी फुकटच्या, मुक्त स्रोत.

खातं म्हणजे नेमकं काय हे कळलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली. मला वाटत होतं की दोनशे खाती म्हणजे सर्व्हरवर लिनक्सचे दोनशे युजर असणार. तसं नव्हतं. खातं म्हणजे टेबलातली एक ओळ आणि डिस्कवरचा एक फोल्डर. फोल्डरमध्ये 'न्यू', 'कर' आणि 'टेम्प' असे तीन कप्पे, आणि प्रत्येक मेल म्हणजे एक वेगळी फाइल. सगळ्या फोल्डरांचा मालक एकच, 'व्हीमेल' नावाचा एक सिस्टीम युजर. म्हणजे एका ओळीत काही बदललं तर त्या एका माणसाचं खातं अडतं, सर्व्हर पडत नाही.

७ मेला लोकसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी मत देऊन आले आणि दुपारभर बॅकअप काढत बसले. टेबलांचा डंप, म्हणजे एका फाइलीत उतरवलेली प्रत, काही सेकंदांत निघतो आणि आकारानं अगदी लहान असतो. खात्यांना हात लावण्याआधी तो दर वेळी काढावा. मेलचे फोल्डर मात्र मोठे होते. त्यांच्यासाठी २ टीबीची डिस्क मागवली, तिची खरेदी माझ्याच सहीनं झाली हे एक बरं.

मग यादी. पोस्टफिक्सअ‍ॅडमिनमध्ये दोनशेच्या वर खाती निघाली. एचआरकडून हजेरीपट घेतला, तर ई-मेल लागणारी माणसं शंभरही भरत नव्हती. बाकीची कुणाची? कोण शेवटचं कधी आलं हे बघावं म्हटलं तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, जेमतेम चार आठवड्यांच्या नोंदी. लॉग दर आठवड्याला बदलायचा आणि मागचे चारच ठेवायचे, असं सेटिंग सर्व्हर बसवल्यापासून तसंच होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, हे वाचल्यावर ते पहिल्यांदा बदललं. आणि डव्हकॉटचं 'लास्ट लॉगिन' नावाचं प्लगइन चालू केलं. कुठलं खातं शेवटचं कधी उघडलं हे ते टेबलात लिहून ठेवतं. नवीन सर्व्हर हातात आला की पहिल्याच दिवशी हे दोन्ही करावं. माहिती साठायला वेळ लागतो आणि मागची माहिती कुठून आणता येत नाही.

तोवर यादीचा कागद घेऊन विभागाविभागांतून फिरले. या कामात संगणकापुढं जेवढा वेळ गेला त्याच्या कितीतरी पट वेळ "हे कुणाचं हो?" विचारण्यात गेला. स्टोअरचे मामा तीस वर्षं कंपनीत आहेत, त्यांनी एका बैठकीत चाळीसेक नावांचा निकाल लावला. "हे रिटायर झालं. हे दुबईला गेलं. ह्यो आपल्या मोल्डिंगमधला, आता स्वतःचं वर्कशॉप काढलंय उद्यमनगरात." कुठल्याही कंपनीत असे एक मामा असतातच. पहिल्यांदा त्यांच्याकडं जावं, एचआरकडं नंतर.

यंत्रांची खाती वेगळीच निघाली. झेरॉक्स मशीन स्कॅन करून मेल करतं, सीसीटीव्हीचा डीव्हीआर हार्ड डिस्क बिघडली की कळवतो, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर ट्रक भरला की चिठ्ठी पाठवतं, ईआरपी बिलं पाठवतं. ही सगळी एकाच 'इन्फो' खात्याचा पासवर्ड वापरत होती. तो पासवर्ड बदलला की चार ठिकाणी काम बंद, म्हणून तो कधीच बदललेला नव्हता. प्रत्येक यंत्राला स्वतःचं खातं द्यायचं हे तिथंच ठरवलं.

आणि पाटील! आमच्याकडं दगड मारला तर पाटलाला लागेल अशी परिस्थिती आहे. आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर अशी पत्ते करायची जुनी पद्धत, त्यामुळं 'एस पाटील' हा पत्ता आजवर तिघांनी वापरलेला. क्वालिटीतले आत्ताचे पाटील मला म्हणाले, "मॅडम, मी आलो गेल्या वर्षी आणि माझ्या इनबॉक्सात २०१६ ची मेल्स हाइत. कुणाच्या तरी पगाराचं भांडणबी हाय त्यात." हे कसं झालं ते शोधलं. पोस्टफिक्सअ‍ॅडमिनमधून खातं 'डिलीट' केलं की टेबलातली ओळ जाते, डिस्कवरचा फोल्डर तसाच राहतो. पुढं कुणी त्याच नावाचं खातं काढलं की नवा माणूस थेट जुन्याच्या पेटीत जाऊन बसतो. डिस्कवरचे फोल्डर आणि टेबलातल्या ओळी शेजारी ठेवून पाहिल्या तर ओळ नसलेले डझनांनी फोल्डर सापडले. तेव्हापासून नियम केला की पत्ता एकदा दिला की तो दुसऱ्याला कधीही द्यायचा नाही, आणि नव्या खात्यात पूर्ण नाव घालायचं.

मे महिना असा गेला. यादी तयार झाली, पण बंद करायची परवानगी मिळेना. मालकांचं म्हणणं, "चाललंय ते चालू दे. उगाच एखाद्या ग्राहकाची मेल परत गेली म्हणजे?" त्यांचं चूक नव्हतं. 'सेल्स' पत्त्यापेक्षा एका निवृत्त मॅनेजरच्या नावच्या पत्त्यावर जास्त चौकशा येत होत्या.

जूनमधल्या एका शुक्रवारी सकाळी डिस्पॅचमधून फोन आला की बिलं जाईनात. पोस्टफिक्सची रांग बघितली तर हजारो मेल अडकलेली, सगळी परक्या पत्त्यांवर निघालेली. पाठवणारा म्हणून दाखवलेलं नाव खोटं असतं, त्यामुळं त्याच्यावर जाऊ नये. लॉगमध्ये प्रत्येक पाठवणीच्या ओळीत 'सॅसल युजरनेम' असतं, म्हणजे खरा पासवर्ड कुणाचा वापरला गेला ते. तिथं एका अ‍ॅप्रेंटिसचं नाव निघालं, जो केव्हाच सोडून गेला होता. पासवर्ड त्याचंच नाव आणि पुढं एक-दोन-तीन.

रांग एका फटक्यात पुसून टाकायचा मोह होतो. पण त्याच रांगेत आमची बिलंही होती. म्हणून आधी सगळी रांग 'होल्ड'वर टाकली, त्या खात्याचा पासवर्ड बदलला, पोस्टफिक्स रीस्टार्ट केला म्हणजे उघडी कनेक्शनं तुटतात. मग त्या खात्यावरून निघालेलीच मेल रांगेतून काढली आणि उरलेली सोडली. तोवर आमचा आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेलेला होता. यादीतून नाव काढायचे अर्ज ऑनलाइन असतात, फुकट असतात. "काय झालं होतं आणि काय बंदोबस्त केला" एवढं दोन ओळींत लिहायचं, रडगाणं नको. काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी नाव निघालं, एका मोठ्या परदेशी मेल सेवेनं मात्र आठवडाभर ताटकळत ठेवलं. सर्ट-इनच्या त्याच आदेशात अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवा असं आहे. आमच्या सर्व्हरवरून मेल जाईल याची खात्री नव्हती, म्हणून ते मालकांच्या खासगी पत्त्यावरून पाठवलं.

त्या दिवशी मालक मला एवढंच म्हणाले, "कोण हा पोरगा? इथं होता काय?" संध्याकाळी माझ्या नोटशीटवर त्यांची सही झाली.

सही मिळाली म्हणून सगळं एकदम बंद केलं नाही. आधी प्रत्येक मेलेल्या खात्यात कोणाकडून काय येतंय ते पाहिलं. मजकूर वाचायची गरज नसते, पाठवणाऱ्यांची यादी काढली तरी पुरते. निवृत्त अकाउंटंटच्या पेटीत जीएसटी, प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी, महावितरणचं बिल, सगळी सरकारी दुनिया येत होती. खातं तडकाफडकी बंद केलं असतं तर पुढचा ओटीपी कुणालाच मिळाला नसता. निर्यातीसाठी लागणारा आयईसी क्रमांक दर वर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर जाऊन पक्का करावा लागतो, नाहीतर तो निष्क्रिय होतो. त्याची आठवण करून देणारी मेल सोडून गेलेल्या एक्स्पोर्टवाल्याच्या पेटीत न उघडता पडून होती, आणि जून अर्धा संपलेला! ते काम आधी उरकलं. त्या तीन महिन्यांत केलं तर त्याला फी नाही.

मग 'वैधानिक' नावाचं एक खातं काढलं आणि एकेका पोर्टलवर जाऊन पत्ता बदलला. जीएसटीत ही 'नॉन-कोअर' दुरुस्ती धरतात, अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी थांबावं लागत नाही, पण अधिकृत स्वाक्षरीकर्त्याच्या मोबाइलवर आणि नव्या ई-मेलवर दोन्हीकडं ओटीपी येतो. आमचे स्वाक्षरीकर्ते म्हणजे मोठे मालक. त्यांचा फोन सायलेंटवर असतो. तेव्हा ओटीपीची कामं सकाळी ते केबिनमध्ये चहा घेत असताना, त्यांच्यासमोर बसूनच केली.

खातं बंद करण्याचा क्रम मी असा ठरवला. माणूस गेला की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा. मेल येत राहते, त्याला आत येता येत नाही. इथं एक खाच आहे. पासवर्ड बदलला तरी फोनवरचं आधीचं जोडलेलं सत्र लगेच तुटत नाही. डव्हकॉटच्या 'डव्हअ‍ॅडम' साधनात 'किक' असा हुकूम आहे, तो द्यायचा. आणि पासवर्डांची कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण, चालू असेल तर तीही रिकामी करायची, नाहीतर जुना पासवर्ड काही वेळ चालत राहू शकतो. मग त्याच्या जागी आलेल्या माणसाकडं मेल वळवायची आणि "यापुढं या पत्त्यावर लिहा" असं आपोआप जाणारं उत्तर लावायचं. ते दर मेलला जात नाही. वेगळं काही सांगितलं नसेल तर एका माणसाला सात दिवसांत एकदाच जातं, त्यामुळं ग्राहक वैतागत नाहीत. काही महिन्यांनी येणाऱ्यांची यादी पुन्हा बघायची. कामाचं काही येत नसेल तर खातं निष्क्रिय करायचं. मग पाठवणाऱ्याला '५५०' आकड्याचं उत्तर जातं की असा कुणी इथं नाही. पुसणं सगळ्यात शेवटी.

सगळ्यात जास्त नाराजी मेल वळवण्यावरून झाली. सात-आठ वरिष्ठांनी आपली सगळी मेल खासगी जीमेलला वळवून ठेवली होती. ग्राहकांची ड्रॉइंग गोपनीयतेच्या करारावर येतात, ती अशी बाहेर जाऊन चालत नाही. शिवाय वळवलेली मेल जीमेलच्या नजरेत आमच्या सर्व्हरवरून येते आणि पाठवणाऱ्याच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्याच्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीत, आमचा सर्व्हर नसतो, म्हणून ती अनेकदा स्पॅममध्ये पडते. मी गोपनीयतेचं सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं नाही. "साहेब, तुमची मेल स्पॅममध्ये जातीय" म्हटल्यावर फोनवर आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून बघायची पद्धत, जोडून घ्यायला स्वतः आले.

एचआरचा फॉर्म ही वेगळीच कथा आहे. माणूस सोडताना जो 'नो ड्यूज'चा कागद फिरतो, त्यात टूल, ओळखपत्र, कॅन्टीन, पतसंस्था यांच्या सह्या होत्या, ई-मेलचा रकाना नव्हता. मला वाटलं एक ओळ वाढवायची, त्याला किती वेळ लागतोय? पण आमचं वाहनउद्योगातल्या गुणवत्तेचं आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र आहे. प्रत्येक फॉर्मला फॉरमॅट नंबर, रिव्हिजन नंबर आणि तारीख. बदल करायचा तर बदलाची विनंती, कारण, क्वालिटी हेडची सही, मग मास्टर लिस्टमध्ये नोंद आणि जुन्या प्रती परत गोळा करणं. जूनच्या मध्यावर दिलेली विनंती जुलैच्या मॅनेजमेंट रिव्ह्यूमध्ये मांडली गेली आणि फॉर्म ऑगस्टमध्ये हातात आला. तुम्हालाही असा रकाना हवा असेल तर खात्यांना हात लावायच्या आधीच ही विनंती टाकून ठेवा.

जुलैमध्ये पासवर्डांची फेरी सुरू केली. जुने पासवर्ड एमडी-५ या जुन्या पद्धतीच्या हॅशमध्ये (पासवर्डचं सांकेतिक रूप) होते, म्हणजे आजच्या मशीनला ते फोडायला फार कष्ट नाहीत. हॅशवरून मूळ पासवर्ड काढून नव्या पद्धतीत टाकता येत नाही, माणसानं नवा द्यावाच लागतो. डव्हकॉटची सोय अशी की प्रत्येक हॅशच्या पुढं कंसात पद्धतीचं नाव लिहिता येतं, त्यामुळं जुने एमडी-५ आणि नवे एसएचए-५१२ एकाच टेबलात सुखानं राहतात. एका रात्रीत सगळ्यांचे बदलावे लागत नाहीत. मी रोज एक विभाग घ्यायची. आज स्टोअर, उद्या पॅटर्न शॉप. एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द आणि मधे रेघ, असं सांगत फिरले. स्टोअरचे मामा म्हणाले, "मागचाच अजून पाठ झाला न्हाई, तवर नवा?" त्यांनी निवडलेले शब्द मला सांगितले नाहीत, ते एक उत्तमच झालं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि फेरी थांबली. निम्मी माणसं गावाकडं अडकली. तेव्हा राउंडक्यूबचा उपयोग कळला, पण त्याचबरोबर हेही कळलं की अनेकांना राउंडक्यूबमध्ये काहीच दिसत नाही. आउटलुक मेल पीसीवर उतरवून घेणाऱ्या पीओपी पद्धतीनं जोडलेलं होतं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा'ची खूण काढलेली होती. म्हणजे वर्षानुवर्षांची मेल कंपनीतल्या पीसीवरच्या एका फाइलीत. पीसी बंद, मेल बंद. पाणी उतरल्यावर अशा प्रत्येक पीसीवर आयमॅप खातं शेजारी जोडलं आणि जुने फोल्डर ओढून सर्व्हरवर टाकले. हे फार संथ चालतं. संध्याकाळी निघताना लावून जायचं, सकाळी बघायचं.

त्यामुळं अर्थातच डिस्क भरायला लागली आणि कोटा ठरवावा लागला. सगळ्यांना २ जीबी, डिझाइन आणि क्वालिटीला जास्त. कोट्यावरून भांडणं होतात, पण ज्यांना मोठी फाइल जात नाही त्यांची तक्रार बहुतेक वेळा कोट्याची नसते. पोस्टफिक्समध्ये एका मेलची मर्यादा मुळात १,०२,४०,००० बाइट असते, आणि जोडलेली फाइल मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणून ८ एमबीचं ड्रॉइंग अडतं आणि माणूस म्हणतो, "मॅडम, १० चालतं म्हणलाय की तुम्ही." आम्ही मर्यादा वाढवली, पण समोरच्याचीही मर्यादा असते हे सांगत बसावं लागतं.

जुन्या मशीनवरच्या सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार, म्हणजे त्याचे अपडेट, ३० जून २०२४ ला संपला होता, तेव्हा नव्या मशीनवर जाणं भागच होतं. ते १५ ऑगस्टला केलं. सकाळी कंपनीत झेंडावंदन, जिलेबी, मग दार लावून कामाला. राजारामपुरीतल्या ओळखीच्या एका लिनक्सवाल्या मुलाला दिवसभर सोबत बसायला पाच हजार दिले, ते पैसे वसूल झाले. डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, बाकीचे किती वेळ लक्षात ठेवतात ती वेळ आदल्या आठवड्यातच पाच मिनिटांवर आणून ठेवली होती. नव्या आयपीवरून नाव सांगणारी उलट नोंद, म्हणजे पीटीआर, आपल्याला लावता येत नाही, मशीन भाड्यानं देणाऱ्याकडं तिकीट टाकून वाट बघावी लागते. ते आधीच करून घ्यावं. खाती साफ केलेली असल्यामुळं हलवायला निम्मीच उरली होती. नवं मशीन महिना तेवीसशे, आणि जुनं दीड महिना सोबत चालू ठेवलं म्हणून तेवढं दुहेरी भाडं. त्याची नोटशीट वेगळी.

टीएलएस, म्हणजे कनेक्शन सुरक्षित करायची पद्धत, तिचा जुना प्रकार नव्या मशीननं नाकारला, त्यामुळं झेरॉक्स मशीन दुसऱ्या दिवशी गप्प झालं. त्याला मेल करायला लावण्याऐवजी आता ते स्कॅन सरळ नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये टाकतं. खरं तर हे आधीपासून असंच असायला हवं होतं.

याच वेळी आणखी एक गोष्ट केली. ज्या खात्यानं लॉगिन केलंय त्याच खात्याच्या नावानं मेल जाईल, असं बंधन पोस्टफिक्सवर घातलं. आधी डिस्पॅचमधला कुणीही मालकांच्या पत्त्यावरून मेल पाठवू शकत होता! कुणी केलं नव्हतं, पण दार उघडं होतं. एका खात्यानं तासाला किती मेल पाठवायची याची मर्यादा मात्र पोस्टफिक्सच्या साध्या सेटिंगात नाही, तिथली मर्यादा आयपीनुसार असते. त्यासाठी आरस्पॅमडी हा मेल तपासणारा प्रोग्राम जोडला. आता कुणाचा पासवर्ड फुटला तरी रांग हजारांत जाणार नाही.

गणपती झाल्यावर पुसायला घेतलं. कोणाचं किती वर्षं ठेवायचं हे मी ठरवलं नाही, आमच्या सीएंना विचारलं. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायची असतात, म्हणून खरेदी, विक्री आणि अकाउंट्सच्या पेट्या दाबून डिस्कवर ठेवल्या, एक प्रत कंपनीत आणि एक मालकांच्या घरी. अ‍ॅप्रेंटिस आणि ओळ नसलेले फोल्डर मात्र गेले. प्रत्येक पुसलेल्या पत्त्याची नोंद तारखेसह एका रजिस्टरमध्ये आहे, म्हणजे तोच पत्ता पुन्हा कुणाला दिला जाऊ नये.

आता नवा माणूस आला की एचआरकडून फॉर्म येतो, रिव्हिजन ०३, आणि खातं त्याच दिवशी निघतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लास्ट लॉगिनची यादी काढते आणि हजेरीपटाशी ताडून बघते, तासाभराचं काम. 'पोस्टमास्टर' आणि 'अ‍ॅब्यूज' हे दोन पत्ते माझ्याकडं वळवलेत. नियमानुसार पोस्टमास्टर प्रत्येक मेल सर्व्हरवर असावाच लागतो आणि आमच्याकडं तो कुणाकडंच जात नव्हता. डीमार्क नोंद, म्हणजे आमच्या नावाच्या खोट्या मेलचं समोरच्यानं काय करायचं ते सांगणारी, सध्या नुसती पाहण्याच्या पातळीवर आहे. ती कडक करायची तर वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरनं स्वतःच्या खात्यावरून, आमच्याच सर्व्हरमधून मेल पाठवली पाहिजे, आणि त्यांचा माणूस "येतो की पुढच्या आठवड्यात" म्हणतोय.